हिंद नावाची मुलगी

शारजाला आमच्या घरामागे एक क्लिनिक आहे, तिथे एसी असा लावतात की बरा माणूस पण शिंकत बाहेर पडेल. तर भर दुपारी मी तिथे बसलेली, अर्धी झोपेत, आणि नर्सने दारातून डोकं काढून हाक मारली, "हिंद!" आणि माझी पाठ एकदम ताठ झाली. शाळेत परेडला व्हायची तशी. नशीब तोंडातून "जय" निघालं नाही, निघतच होतं. कोपऱ्यातून एक सहासात वर्षांची मुलगी उठली, दोन वेण्या, एका बुटाचा वेल्क्रो सुटलेला, तो फरपटत ती आईच्या मागे आत गेली. हिंद.

त्याच वेळी फोनवर आमच्या फॅमिली ग्रुपवर नावांचा बाजार भरला होता. पुण्याला दादाला मुलगी झालीय, नक्षत्र पुनर्वसू, चौथा चरण, गुरुजींनी अक्षर दिलंय "ही". हिमानी, हिरण्मयी, हिरकणी, कोणीतरी हिना पण टाकलं आणि लगेच डिलीट केलं (ते का डिलीट केलं ते सगळ्यांना कळलं, कोणी विचारलं नाही). आता आत्या मी, म्हणजे नाव ठेवायचा मान माझा, पण हल्ली आत्याचं काम पाळण्यात वाकून कानात कुर्र करण्यापुरतं, नाव आधीच बॅनरवर छापून आलेलं असतं. तरी मी टाइप केलं, "हिंद कसं वाटतं?" दादाचा रिप्लाय दोन सेकंदात. "पुढे केसरी लावू का?"

खरं तर दादाचा दोष नाही, आपल्या कानाला या शब्दात देशच ऐकू येतो. जानेवारी 2023 मध्ये दुबईने अल मिनहाद नावाच्या भागाचं नाव बदलून "हिंद सिटी" केलं, चांगला 84 चौरस किलोमीटरचा टापू, हिंद 1 ते हिंद 4 असे त्याचे चार भाग. झालं. आमच्या ग्रुपवर तिरंगा, ढोल, "दुबईत भारताचा सन्मान, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा". मी बिचारी सांगायला गेले की अहो मामा, दुबईच्या शेखसाहेबांच्या पत्नीचं नाव शेखा हिंद, इथे बायकांचं हे जुनं नाव आहे. मामांनी अंगठा दाखवला. तो थंड अंगठा कसा असतो माहितीये ना. मग मामींचा स्वतंत्र मेसेज, तू तिकडे राहून फार बदललीस हो.

बरं, देश पण हिंदच, हे त्यातलं त्रांगडं. अरबीत भारत म्हणजे अल-हिंद, चिंच म्हणजे तमर हिंदी, म्हणजे आपल्याकडचा खजूर (रमजानमध्ये तिचं सरबत मिळतं, गोडमिट्ट), आणि नारळ म्हणजे जौज अल-हिंद. कोकणातल्या माणसाने ऊर भरून घ्यावा असं सगळं. पण मुलीच्या नावापाशी आलं की जुने अरबी कोशकार भारताला बाजूला सारतात आणि सांगतात, हिंद किंवा हुनैदा म्हणजे उंटांचा तांडा. साधासुधा नाही, शंभर उंटांचा. त्या काळी माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना भरपाई शंभर उंट, म्हणजे शंभर उंट ही काय चीज होती बघा. मुलगी झाली आणि बापाने नाव ठेवलं शंभर उंट! मला हे फारच आवडलं. आपल्याकडे साताऱ्यात 2011 साली पावणेतीनशेच्या वर मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली होती, सगळ्या नकोशी, नकुसा. अर्थात तिकडच्या बापांचंही फार कौतुक नको, तिथे त्याच काळात मुली जिवंत पुरायची रीत पण होती. एकाच वाळवंटात दोन्ही.

आणि गंमत म्हणजे मुलग्यांच्या नावात मात्र आपण शिरलोय. मुहन्नद. म्हणजे भारतीय पोलादाची तलवार, आपलं पोलाद तेव्हा तिकडे नावाजलेलं. 2008 मध्ये एक तुर्की सिरियल अरबीत डब झाली, मूळ हिरो मेहमेत, डबिंगवाल्यांनी त्याचा मुहन्नद केला, आणि त्या निळ्या डोळ्यांच्या मुहन्नदने अरब घराघरांतून अशी काही आग लावली की बायका नवऱ्यांना विचारायला लागल्या, तुम्ही का नाही असे. नाव मूळ आपल्या लोखंडाचं. हे मामांना सांगितलं नाही अजून.

नावांच्या साइट्सवर यातलं काही नसतं. माझा त्या साइट्सवर जुना राग आहे. कुठलंही अरबी नाव टाका, अर्थ "सुंदर, शुभ, स्वर्गातील", लकी नंबर 7, लकी रंग पिवळा. संपलं.

मी इथे मध्यंतरी अरबीच्या क्लासला जायचे. आपल्या व्याकरणात कसा राम आंबा खातो, वर्षानुवर्षं तोच राम तोच आंबा, तसा त्यांच्या व्याकरणात झैद अम्रला मारतो. हजार बाराशे वर्षं मारतोय, त्या अम्रने काय केलंय कोणास ठाऊक. आणि बाई लागली उदाहरणाला की हिंद. हिंद उठली, हिंद आली, हिंदला पाहिलं. बायकांच्या नावांना शेवटी "उन" लावायचं नाही असा नियम, झैदला झैदुन चालतं, झैनबला नाही. पण हिंद हे अरबीत लिहिताना तीन अक्षरी (ह, न, द) आणि मधलं अक्षर स्वराशिवायचं, म्हणून तिला सूट, हिंदुन म्हणा नाहीतर हिंदु म्हणा, दोन्ही बरोबर. आमच्या टीचरने फळ्यावर लिहून मोठ्यांदा वाचलं, "कामत हिंदु", म्हणजे हिंद उठली. मी आणि शेजारची नागपूरची मुलगी, दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि नंतरचा अर्धा तास आम्हाला काही शिकता आलं नाही. कामत, हिंदु! कारवारकडच्या माणसाची ओळखच की. टीचर विचारतात काय झालं, आता त्यांना काय सांगणार.

पण या नावाची माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ताटाची आहे. इसवी सन 569 च्या आसपासची. इराकात नजफच्या जवळ हीरा नावाचं राज्य होतं आणि तिथल्या राजाचं नाव अम्र बिन हिंद, म्हणजे हिंदचा मुलगा अम्र, बापाच्या नाही तर आईच्या नावाने ओळखला जाणारा राजा. एकदा हा दरबारात म्हणाला, माझ्या आईच्या हाताखाली काम करायला जिला कमीपणा वाटेल अशी आहे का कोणाची आई? लोक म्हणाले आहे, तघलिब टोळीचा कवी अम्र बिन कुल्सूम, त्याची आई लैला. झालं, दोघांना आमंत्रण. फुरात नदीकडे तंबू पडले, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. आणि राजाने आईला आधीच शिकवून ठेवलेलं की नोकरांना बाहेर पाठव आणि लैलाला काम सांग. हिंद म्हणाली, "लैला, जरा ते ताट दे गं इकडे."

मी इथे थांबते, कारण हे वाक्य मी ऐकलंय.

आजोळी उन्हाळ्यात दुपारची बायकांची पंगत शेवटी बसायची, स्वयंपाकघरातच, भिंतीला टेकून. मोठी मामी आणि धाकटी मामी. मोठीचं माहेर मोठं, धाकटी कॉलेजात शिकवायची, त्यामुळे कोण वरचढ हे कधी ठरलंच नाही. लोणच्याची बरणी दोघींपासून सारख्याच लांब, फडताळाच्या खालच्या खणात, वर फडकं बांधलेलं. मोठी म्हणायची, "अगं बरणी सरकव जरा." धाकटी भात कालवत राहायची. "अगं बरणी." भात कालवणं चालू. मग आजी, जिचे गुडघे सगळ्यात वाईट, ती एक हात जमिनीला टेकून उठायला लागायची आणि दोघी एकदम ओरडायच्या, "अहो तुम्ही कशाला!" आणि तरीही दोघींतली कोणी उठायची नाही, मला पाठवायच्या. मी फडकं सोडून बरणी मधोमध ठेवायचे, अगदी मधोमध. आंबटतिखट वास घरभर, आणि लोणचं नंतर कोणीच घ्यायचं नाही.

तर लैला म्हणाली, "जिला हवंय तिने उठावं." हिंदने परत सांगितलं. तेव्हा लैला ओरडली, हाय रे अपमान, अरे तघलिबवाल्यांनो! पलीकडे मुलाने ते ऐकलं, तंबूत राजाचीच तलवार टांगलेली होती, तीच काढली आणि राजाला तिथल्या तिथे संपवलं. ताटावरून. नंतर त्याने या सगळ्यावर जी कविता म्हटली ती अरबीतल्या सगळ्यात मानाच्या जुन्या कवितांमध्ये आजही धरतात. आमच्या मामांपैकी कोणी कवी नव्हतं हे बरंच झालं. त्या ताटात होतं काय, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

बाकी हिंद पुष्कळ झाल्या. मुआविया खलिफाची आई हिंद. पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा, त्यांचं मूळ नाव हिंद. 1892 मध्ये अलेक्झांड्रियात हिंद नौफल हिने बायकांसाठी पहिलं अरबी मासिक काढलं, आणि लग्न झाल्यावर ते बंद पडलं (हे वाचताना आश्चर्य वाटायला हवं होतं, वाटलं नाही). कैरोची नटी हिंद रुस्तम, तिला पूर्वेची मर्लिन मन्रो म्हणायचे, इजिप्तवाले तिला हेंद म्हणतात.

आता हे नाव टाइप केलं की यांच्यातली कोणी आधी येत नाही. हिंद रजब येते. गाझा शहरातली, पाच वर्षांची. 29 जानेवारी 2024 ला नातेवाइकांच्या गाडीवर गोळीबार झाला, गाडीतले सगळे गेले, ती उरली आणि कित्येक तास फोनवर रेड क्रेसेंटच्या बाईंना सांगत राहिली की मला न्यायला या. अँब्युलन्स निघाली पण. बारा दिवसांनी गाडी सापडली तेव्हा हिंद त्यातच होती, आणि अँब्युलन्स जवळच, जळलेली. न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या पोरांनी त्या एप्रिलमध्ये एका बिल्डिंगवर तिच्या नावाचा फलक सोडला, त्यामुळे नाव जगभर गेलं. अँब्युलन्समध्ये जे दोघं होते त्यांची नावं युसूफ आणि अहमद. ती इतकी कॉमन नावं आहेत की त्यांचा अर्थ कोणी शोधत बसत नाही.