परतणारी लाट आणि अर्धा सेकंद: हिवाळी छायाचित्रणाची नोंद

या हिवाळ्यात समुद्राची छायाचित्रे काढताना तीस सेकंदांच्या एक्स्पोजरचा (म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याच्या अवधीचा) मोह टाळायचा, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. पाणी दुधासारखे गुळगुळीत करून टाकणारी ती छायाचित्रे पहिल्यांदा पाहताना छान वाटतात. पण माझ्या संग्रहात अशी चाळीसेक साठल्यावर लक्षात आले की निवांत समुद्र आणि थंडीतला खवळलेला समुद्र त्यांत अगदी सारखेच दिसतात. वारा, फेस, खडकांवर आपटून फुटणारे पाणी, म्हणजे ज्यासाठी एवढ्या गारठ्यात घराबाहेर पडायचे, तेच नेमके पुसले जाते.

म्हणून गेले सहा आठवडे मी एक्स्पोजर अर्धा ते दोन सेकंदांच्या मर्यादेत ठेवले. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच, प्रकाश 64 पटींनी कमी करतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), त्यामुळे 1/125 सेकंदाचे एक्स्पोजर साधारण अर्ध्या सेकंदावर येते, आणि हिवाळ्यात सूर्य क्षितिजापासून फारसा वर चढत नसल्यामुळे हे गणित पहाटेपुरते मर्यादित न राहता बराच वेळ जमून जाते. दहा स्टॉपचा फिल्टर मी मुद्दाम घरी ठेवला. जवळ असला की वापरला जातो, हा अनुभव आहे.

खरा फरक मात्र फिल्टरने नव्हे, तर बटण दाबण्याच्या वेळेने पडला. लाट अंगावर येताना टिपली की अर्ध्या सेकंदात नुसता पांढरा गोळा उमटतो. तीच लाट पूर्ण पसरून क्षणभर थबकते आणि मागे सरू लागते, तेव्हा फेसाच्या रेषा दगडांना वळसे घालत समुद्राकडे ओढल्या जातात आणि त्या रेषा चित्राला आपोआप खोली देतात. पहिल्या दोन आठवड्यांत माझे दहापैकी जेमतेम एक छायाचित्र ठेवण्याजोगे निघत होते. आता तीन निघतात. वाळूत मात्र एक अडचण येते. परतणारे पाणी ट्रायपॉडच्या पायांखालची वाळू ओढून नेते आणि नेमक्या त्याच अर्ध्या सेकंदात कॅमेरा किंचित खचतो. पाय आधीच दाबून खोल रोवले आणि एक-दोन लाटा तशाच जाऊ दिल्या, तर हा दोष बहुतेक टळतो.

आतापर्यंतचे सर्वांत समाधानाचे छायाचित्र एका साध्या दगडाचे आहे. तापमान शून्याच्या जेमतेम एक अंश खाली होते. दगडाच्या माथ्यावर दवाचे पांढरे कण गोठले होते आणि पाणी पोहोचत होते तिथून खाली तो ओला, काळाभोर होता. समुद्राचे खारे पाणी गोठायला उणे 1.8 अंशांच्या आसपास तापमान लागते, त्यामुळे ती सीमारेषा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती. तो पांढरा भाग चौकटीत मोठा घेताच कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने तो करडा करून टाकला. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहत एक्स्पोजर एक पूर्णांक एक तृतीयांश स्टॉप वाढवल्यावर गोठलेल्या दवाचा पांढरेपणा परत आला आणि काळ्या भागातला पोतही हरवला नाही.

एक चूक प्रांजळपणे नोंदवतो. चौथ्या आठवड्यात फिल्टरवर उडालेले तुषार मी कोरड्या कापडाने पुसले. पाणी निघून गेले, मीठ मागे राहिले, आणि मावळतीकडे तोंड करून काढलेल्या सगळ्या छायाचित्रांवर धुरकट पडदा आला; शिवाय फिल्टरवर दोन बारीक ओरखडे उठले. तेव्हापासून गोड्या पाण्याने ओलसर केलेले एक कापड आणि एक कोरडे कापड, अशा क्रमानेच मी काच पुसतो. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर गोड्या पाण्याखाली धुतो, याला कितीही कंटाळा आला तरी पर्याय नाही.

बॅटरीबद्दल सर्वांना ठाऊक आहेच: थंडीत तिच्या आतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून दुसरी बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवायची आणि दमलेली बॅटरी गरम झाल्यावर पुन्हा वापरून पाहायची. घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत ठेवून तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, म्हणजे पाण्याचे थेंब पिशवीवर जमतात, लेन्सवर नाही. त्यासाठी मेमरी कार्ड बाहेरच काढून घेतो. नाहीतर छायाचित्रे पाहण्याच्या उतावळेपणापायी पिशवी उघडली जाते.

बोटांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पातळ हातमोज्यांत बोटे बधिर होतात आणि जाड हातमोज्यांत फिल्टरची कडी फिरत नाही. आणि वाफेचे धुके, म्हणजे अतिथंड हवा तुलनेने उबदार पाण्यावरून वाहताना समुद्रावर उठणारी ती धूसर वलये, मला या मोसमात एकदाच दिसली. त्या वेळी सवयीने फिल्टर लावलेलाच होता. तो काढून एक्स्पोजर 1/250 सेकंदावर आणेपर्यंत ऊन वर आले आणि पाणी मोकळे झाले. पुढच्या गारठ्याच्या सकाळी फिल्टर खिशातच राहील.