भाताची झोप आणि मे महिन्यातला माळा

नाचणीला मोड आणायचे तर आमच्या कोकणात कुणी घड्याळ बघत नाही, महिना बघतात. मे महिन्यात रात्री भिजवलेली नाचणी सकाळी उपसून फडक्यात बांधली की संध्याकाळी पांढरे ठिपके दिसायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी मोड एकमेकांत असे गुंततात की पुरचुंडी सोडवताना जीव जातो. तीच नाचणी, तेच फडकं, पण पौषात दोन दिवस झाले तरी ढिम्म. मग सत्व करणाऱ्या बायका ती पुरचुंडी वैलाजवळ सरकवतात, ज्यांच्याकडे चूल उरली नाही त्या फ्रिजच्या मागे ठेवतात (फ्रिज आतून गार करतो आणि मागून गरम, हा शोध प्रत्येक घरात स्वतंत्रपणे लागलेला आहे).

दाण्याच्या आत जे चालतं ते सगळं एन्झाइमचं काम, स्टार्च फोडायचा, साखर करायची, तिच्यावर कोंब पोसायचा, आणि एन्झाइमला ऊब लागते. भाताला साधारण 30 ते 35 अंश एकदम मानवतात, 10 च्या खाली तो जवळजवळ हलतच नाही आणि 45 च्या आसपास गेलं की परत दुकान बंद. गव्हाचं सगळं गणित खाली सरकलेलं, 4-5 अंशांतही तो हळूहळू का होईना रुजतो आणि 20-25 मध्ये खूश असतो. आमच्या किनाऱ्यावर पारा 10 ला यायचा म्हणजे बातमीच, तेव्हा थंडीने भात अजिबात उगवलंच नाही असं इथे होत नाही, उशीर मात्र होतो, आणि वायंगण करणाऱ्याला तो उशीर बरोबर कळतो.

वायंगण म्हणजे पावसाळी भात निघाल्यावर वहाळाच्या पाण्यावर करायचं दुसरं भात. त्याला किंवा रहू पद्धतीच्या पेरणीला बियाणं आधी मोड आणूनच चिखलात फेकतात. एक दिवस भिजवायचं, निथळायचं, गोणपाटात भरायचं, वर पेंढा टाकून दगड ठेवायचा. यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी गोणीत हात घालणे, आत चक्क गरम लागतं! बाहेरची ऊब नव्हे ही, दाणे जागे झाले की श्वास घ्यायला लागतात आणि त्या श्वासाची उष्णता पेंढ्यामुळे आत कोंडते, म्हणजे पहिल्या जाग्या झालेल्यांच्या उबेवर मागचे उठतात. पण जरा जास्त कोंडलं तर तेच बी आत शिजल्यासारखं होतं आणि आंबूस वास सुटतो, म्हणून मधे गोणी उलटायची, वर पाण्याचा हबका मारायचा. जुन्या माणसांना कुठला थर्मामीटर लागत नाही, मनगटापर्यंत हात घातला की कळतं.

आता हे सगळं झालं जाग्या दाण्याचं. खरी गंमत झोपलेल्या दाण्याची आहे. दिवाळीच्या आसपास कापलेलं नवं भात, चांगलं भरलेलं, लगेच भिजवून बघा, ऊब द्या, पाणी द्या, बरेच दाणे तोंड उघडतच नाहीत. मेलेले नसतात, झोपलेले असतात. आमच्या शेजारच्या काकी म्हणतात, "उनाचो चटको लागल्याशिवाय नव्या भाताक कोंब येवचो नाय गो." मला आधी वाटलं होतं ही आपली एक म्हणायची पद्धत असेल, पण बियाण्याच्या लॅबमध्ये अगदी हेच करतात. नव्या भाताची उगवण तपासायची असेल तर कोरडं बी 50 अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच दिवस ठेवतात, मग भिजवतात, आणि ते उगवतं. कोरडं हा शब्द महत्त्वाचा हां, ओलं बी 50 अंशांत ठेवलं तर त्याचा भातच होईल. ई. एच. रॉबर्ट्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात भाताच्या या झोपेवर बरंच काम केलं, त्यात असं दिसलं की साठवणीतलं तापमान 10 अंशांनी वाढलं की झोप उतरायचा वेग साधारण तिप्पट होतो. आता आमचा माळा डोळ्यापुढे आणा. वर तापलेली कौलं, मधल्या काळात कुणी पत्रे घातलेले असतील तर विचारूच नका, खाली धूर, आणि त्यात बियाण्याच्या कणग्या डिसेंबरपासून बसलेल्या. मे महिन्यात तिथे चढून दोन मिनिटं थांबलं तर माणूस घामाने निथळतो, ते सगळं भाताला फुकटात मिळतं आणि मृगाला ते टुणकन उठतं.

गहू मात्र अगदी उलटा. नवा गहू आणि नवं बार्ली ऊब दिली तर झोपून राहतात आणि गारव्यात उठतात, म्हणून लॅबमध्ये त्यांना ओलं करून काही दिवस 5 ते 10 अंशांत ठेवतात. एक ओव्हनमध्ये जातो, दुसरा फ्रिजमध्ये! पण दोघांची मूळ गावं आठवली की यात विक्षिप्त काही वाटत नाही. गव्हाचं मूळ पश्चिम आशियात, तिथे तो उन्हाळा लागताना पिकतो आणि पाऊस येतो थंडीत, म्हणजे उन्हात चुकून एखादी सर पडली आणि दाणा रुजला तर पुढे करपून मेलाच, गारवा लागेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. भात पिकतो पाऊस जाताना, पुढे सात-आठ महिने कोरडे, तेव्हा त्याने एक अख्खा उन्हाळा अंगावरून गेल्याशिवाय उठायचं नाही. आणि नवरात्रात घटाखाली गहू ऑक्टोबरच्या उकाड्यात पण भराभर रुजतो तो का, तर तो मार्च-एप्रिलचा जुना, झोप केव्हाच उतरलेला.

या झोपेची किंमत आम्हाला परतीच्या पावसात कळते. 2019 च्या ऑक्टोबर अखेरीला अरबी समुद्रात क्यार वादळ उठलं तेव्हा कोकणात ऐन कापणीत पाऊस कोसळला, आडवं पडलेलं भात शेतातच भिजत राहिलं आणि लोंब्यांना हिरवे कोंब फुटले. ऑक्टोबरचा पाऊस काही गार नसतो, 25-28 अंश आणि सतत ओल, भाताला आणखी काय पाहिजे. अशा वेळी गाढ झोपणारी जात टिकते, हलक्या झोपेची लोंबीतच उगवते, आणि मोड आलेल्या भाताचा तांदूळ कांडताना तुकडा होतो, भाव पडतो. पण मग सगळ्या जाती गाढ झोपणाऱ्याच का करत नाहीत? कारण वायंगणवाला ऑक्टोबरचं बी डिसेंबरात पेरायला मागतो आणि त्याला झोपाळू बी म्हणजे डोकेदुखी. कापणीनंतर दोन-तीन आठवडे गाढ आणि मग आपोआप जागं, असं बी हवंय, आणि मला वाटतं पावसाची परत जायची तारीख अशीच पुढे पुढे जात राहिली तर उत्पन्नाच्या आकड्याइतकंच हेही बघूनच जात निवडावी लागेल.

आता लाल तांदळाची गंमत. दाण्याला लाल रंग देणारं आरसी नावाचं जे जनुक आहे, तेच दाण्याची झोपही वाढवतं, हे 2011 मध्ये संशोधकांनी दाखवलं. रंगाबरोबर झोपवणारं अॅब्सिसिक अॅसिडही तेच वाढवतं. जगातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळात या जनुकातली डीएनएची 14 अक्षरं गळलेली असतात, म्हणजे पांढरा भात निवडता निवडता माणसाने नकळत हलक्या झोपेचा भातही निवडला. आमच्याकडची वालयसारखी लाल भातं मागे पडली ती दिसायला गावठी म्हणून, आणि आता परत येतायत ती शुगरवाल्यांच्या डाएटमुळे. लाल भाताची झोप हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही, आणि काढला तरी भाव वाढणार नाही.

एक राहिलं, माळ्याची ही ऊब दुधारी आहे. जी उष्णता झोप उतरवते तीच बियाण्याचं आयुष्यही खाते, आणि बी दमट असेल तर फारच भराभर. म्हणून भात आधी कडक वाळवायचं, दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे, मगच वर चढवायचं, आणि दोन वर्षांपूर्वीचं बी असेल तर पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून मोजून घ्यायचे. ऐंशीच्या खाली उगवले तर दुसरीकडून बियाणं बघायला लागायचं.