सायकलिंगने नाडी उतरली आणि ट्रॅकचं फिटनेस सर्टिफिकेट अडकलं – माझा अनुभव

चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर मोटरसायकल रेसिंगच्या ट्रेनिंगला जायचं म्हणून सायकल मारत असाल आणि चाळिशी ओलांडली असेल तर हे जरूर वाचा. मी पुण्यात राहतो, वय ४२. सायकलचा ट्रॅकवर प्रचंड फायदा झाला, पण त्याच सायकलमुळे एका कागदावर सही मिळवताना जो ताप झाला त्याचा राग अजून गेलेला नाही.

सायकलच का, तर ट्रॅकवरचं सेशन १५-२० मिनिटांचंच असतं पण अंगात लेदरचा सूट, तिथलं दमट ऊन, प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक आणि मग सीटवरून अर्धं बाहेर लटकायचं, मांड्या भरून येतात, दम लागतो आणि दम लागला की लक्ष उडतं, ब्रेकिंग पॉइंट चुकायला लागतात. २०२३ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलची जागतिक रेस झाली तेव्हा गरमीमुळे ती २४ ऐवजी २१ लॅपची (फेऱ्यांची) केली होती, तरी दुसरा आलेला होर्हे मार्टिन शेवटी डिहायड्रेशनने गळून गेला. ते तर रोज ट्रेनिंग करणारे लोक! म्हणून आठवडाभर सकाळी खडकवासल्यापर्यंत, मधे एक दिवस बोपदेव घाटात चार मिनिटं जोरात तीन मिनिटं हळू असं, आणि रविवारी सिंहगड. हे सगळं मस्त चाललं होतं.

अडकलं ते फॉर्मवर. ट्रेनिंगवाल्यांना डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. जवळच्या क्लिनिकमधे गेलो, डॉक्टर म्हणाले वय ४० च्या वर आहे, ईसीजी काढून आणा. आणला. मशीनने वरच छापलं होतं, रेट ४६, सायनस ब्रॅडिकार्डिया (म्हणजे ठोके संथ), अबनॉर्मल. डॉक्टरांनी तेवढंच वाचलं आणि कागद परत दिला, "अहो, नाडी ४६ आहे, मोटरसायकल रेसिंगच्या कागदावर मी सही करणार नाही." मी सांगतोय सर मी रेग्युलर सायकलिंग करतो, घाट चढतो, तर म्हणे सायकल माझा मुलगापण चालवतो. बाहेर पेशंटची रांग, विषय संपला.

मग मोठं हॉस्पिटल. हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) एका दिवशी, स्ट्रेस टेस्ट दुसऱ्या दिवशी कारण ती फक्त सकाळी होते, आणि रिपोर्ट तयार असूनही काउंटरवर उत्तर एकच, "सर, सही बाकी आहे." इकडे फॉर्मची शेवटची तारीख जवळ येतेय, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, ऑफिसमधून सारखी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायची, अक्षरशः डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी त्या डॉक्टरांनी समोर बसवून साधे प्रश्न विचारले. चक्कर येते का, कधी शुद्ध हरपली का, घरात कोणी कमी वयात अचानक गेलंय का. सगळ्याला नाही. स्ट्रेस टेस्टमधे दर तीन मिनिटांनी ट्रेडमिलच्या पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात, माझ्या वयाला नाडी १५१ पर्यंत जायला हवी होती, ती चौथ्या टप्प्यात व्यवस्थित गेली. डॉक्टर म्हणाले नियमित दमाच्या व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी लागतात, तुम्हाला काही झालेलं नाही. मी तिथेच फॉर्म पुढे केला आणि त्यांनी तिथेच सही केली. एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

तपासणीबद्दल माझी तक्रार नाही, आणि ज्याला चक्कर येते किंवा छातीत दुखतं त्याने तर आधी तपासणी करायलाच हवी. पण ते तीन प्रश्न पहिल्याच क्लिनिकमधे विचारता आले असते ना?

तर सर्टिफिकेटचं काम दोन महिने आधी सुरू करा. ईसीजीच्या आधीच सांगा की किती सायकल चालवता. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून तारखेसकट लिहून ठेवा, उतरत गेलेले आकडे दिसले की डॉक्टरांना लगेच समजतं. खेळाडू बघणारे डॉक्टर माहीत असतील तर थेट तिकडेच जा.

आणि फक्त सायकलवर भागत नाही हे राहिलंच सांगायचं. मान, पोट आणि पंजापासून कोपरापर्यंतचे हात सायकलने तेवढे तयार होत नाहीत, प्लँक आणि स्क्वॉट करावेच लागतात. सायकलचं हँडल मात्र मुद्दाम सैल धरायची सवय लावा, ट्रॅकवर बाइकची टाकी मांड्यांनी आवळायची आणि हात मोकळे ठेवायचे, नाहीतर हात असे भरतात की ब्रेक ओढता येत नाही. मला शेवटच्या सेशनपर्यंत हाताचा त्रास झाला नाही आणि लॅपही सुटले नाहीत, याचा मला खरंच अभिमान आहे. जायच्या आधीचे दोन आठवडे थोडी उन्हात, नऊ-दहा वाजताही चालवा, सोबत ओआरएस ठेवा. आणि फॉर्मवरच्या शिक्क्यात डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नीट उमटलाय का ते केबिनमधून बाहेर पडायच्या आधी बघा.