शिकाऊ लाईनमनचं वर्ष: चढण्यापेक्षा बंद करणं जास्त शिकलो

आयटीआय झालेल्या पोरांना वाटतं, लाईनमनचं शिक्षण म्हणजे खांबावर चढणं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात शिकाऊ उमेदवाराचं निम्मं वर्ष जमिनीवर जातं आणि त्याआधीचे दोन-चार महिने कागदांत. कागदांविषयी कोणी नीट सांगत नाही, म्हणून सुरुवात तिथून करतो.

मी नवी मुंबईतल्या दिघ्याचा. दहावीनंतर ठाण्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला. लाईनच्या कामाला वायरमन ट्रेडही चालतो, दोन्ही दोन-दोन वर्षांचे. वडील रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. त्यांचं म्हणणं, मोटर बांधता आली तर माणूस उपाशी राहत नाही. म्हणून इलेक्ट्रिशियन. मोटर मी नंतर फारशी बांधली नाही, पण तो भाग वेगळा.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा, पोर्टल आत्ताचं. आपण आपली माहिती भरायची, आस्थापनेची, म्हणजे शिकाऊ पोरं घेणाऱ्या कंपनीची, जाहिरात आली की तिथे अर्ज टाकायचा, मग आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. यादीत नाव आलं की पोरं पेढे वाटतात. खरी कसोटी कागदपत्रं तपासतात त्या दिवशी असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आयटीआयच्या कागदावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. आमच्या रांगेत एका पोराचा चेहरा स्पेलिंगमधल्या एका 'एच'पायी उतरला होता. आधार आधी दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या, यादी लागायची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट बँक खात्याची. 2019 च्या नियमांनुसार आयटीआयवाल्याला महिन्याला किमान 7,000 रुपये स्टायपेंड होता, माझ्या वेळी हिशेब त्यावरच चालायचा. त्यातला पंचवीस टक्के वाटा, पण जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार थेट आधारशी जोडलेल्या खात्यात टाकतं. उरलेले आस्थापना देते. म्हणजे एकाच पगाराचे दोन तुकडे दोन वेगळ्या दिवशी येतात. पहिल्या महिन्यात आमच्या बॅचचे दोघे 'पैसे कापले' म्हणून भांडायला निघाले होते. एकाचा सरकारी वाटा आईबरोबरच्या जुन्या खात्यात जाऊन पडला होता. आधार त्या खात्याला जोडलेलं होतं, आणि ते खातं घरात कोणाला आठवतही नव्हतं.

असो. कागद झाले आणि माझी रवानगी घणसोलीच्या बाजूला महावितरणच्या एका सेक्शनला, म्हणजे शाखा कार्यालयाला झाली. सुरुवातीला हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी बेल्ट, शॉक लागलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे सगळं प्रशिक्षण झालं. मग स्टोअर. स्टोअरमध्ये गंमत असते. तारांच्या रिळांना नावं प्राण्यांची: वीझल, रॅबिट, रकून, डॉग. रॅबिटमध्ये सहा पदर अ‍ॅल्युमिनियमचे आणि मध्ये एक पोलादी. अ‍ॅल्युमिनियम करंट नेतं आणि पोलाद ताण घेतं. आयटीआयला हे लिहून गुण मिळवले होते, पण डॉगचं रीळ ढकलताना कंबरेला जे समजलं ते पुस्तकात नव्हतं.

मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळे काका म्हणायचे. हुद्दा प्रधान तंत्रज्ञ, बोलायला वायरमन. जाहिरातीत महावितरण त्यांना 'जनमित्र' म्हणतं, पण रस्त्यावर हाक वायरमन म्हणूनच येते. काकांनी पहिल्या दिवशी माझी पक्कड हातात घेऊन बघितली, मुठीवरचं रबर तपासलं आणि म्हणाले, "तू वर्षभर मला एकच प्रश्न विचारायचा. लाईन बंद आहे हे तुम्हाला कसं माहीत? रोज विचार. मी चिडलो तरी विचार."

मी विचारायचो. ते चिडायचेसुद्धा.

आता हे 'बंद' प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण वर्षभराचा ऐवज तोच आहे. समजा एमआयडीसीतल्या 22 केव्हीच्या (22 हजार व्होल्टच्या) ओव्हरहेड लाईनवर तडकलेला पिन इन्सुलेटर, म्हणजे तारेला खांबापासून वेगळं ठेवणारा तुकडा, बदलायचाय. आधी उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद केल्याचं परमिट, घ्यायचं. फीडरचं (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनचं) नाव, वेळ, परमिटचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, सगळं दोन्हीकडच्या वहीत उतरतं. ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. मधल्या माणसाच्या निरोपावर लाईन चालू होत नाही. मग जागेवरचा एबी स्विच उघडायचा. हा खांबावर असतो, खालच्या हँडलने तिन्ही तारा एकदम तोडतो. हँडल खाली ओढलं, खाडकन आवाज आला, म्हणजे उघडला? नाही. मान वर करून तिन्ही पाती डोळ्यांनी बघायची. आमच्याकडे खाडीचा खारा वारा असतो, लोखंडाला गंज धरतो, एखादा रॉड वाकतो. दोन पाती उघडतात, तिसरं तिथेच चिकटून बसतं. खालून हँडल मात्र पूर्ण आलेलं दिसतं.

तिन्ही उघडी दिसली की टेस्टरने बघायचं. मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतला उरलेला करंट जमिनीत सोडणारी दांडी. आधी क्लॅम्प जमिनीकडच्या अर्थिंगला, नंतर हुक तारेला. काढताना बरोबर उलटं: आधी तारेवरचा हुक, शेवटी जमिनीकडचा क्लॅम्प. क्रम उलटा झाला तर अंगात साठलेला करंट सोडायला तार दुसरा रस्ता शोधते, आणि तो रस्ता आपण असतो. हे सगळं कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना करायचं.

मी एकदा विचारलं, "उपकेंद्रातून बंद आहे, स्विच उघडलाय, मग करंट येणार कुठून?" काकांनी समोरच्या कारखान्याकडे बोट केलं. जनरेटर. चेंजओव्हर स्विच (बाहेरची वीज की जनरेटर हे निवडणारा) नीट नसेल तर जनरेटरची वीज उलटी बाहेर येते, आणि ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूनेही काम करतो, 415 व्होल्टचे पुन्हा 22 हजार करून देतो. घोडबंदर रोडला टॉवरमागे टॉवर, प्रत्येकाच्या तळमजल्यावर जनरेटर. शिवाय शेजारून दुसरी चालू लाईन गेली असेल तर तिच्यामुळेही बंद तारेत दाब तयार होतो. म्हणून अर्थिंग. 'बंद आहे' हे ऐकून चालत नाही, आपल्या हाताने करून घ्यावं लागतं.

आणि मला यात काम काय? स्विचपाशी बसायचं.

हँडलला कुलूप, त्यावर 'काम चालू आहे, स्विच लावू नये' अशी पाटी आणि खाली मी. काका पुढच्या खांबांवर. उन्हाळ्यात पावसाळ्यापूर्वीची कामं चालतात तेव्हा मी असाच तासन्‌तास बसलोय. "कुलूप आहे ना, मग मी कशाला?" असं म्हटल्यावर काका म्हणाले, "कुलपाला कोणी दम दिला तर ते उत्तर देत नाही. तू देशील."

दम देणारे येतातच. गावठाणातल्या एक आजी आल्या, "काय रं पोरा, लाईट कदी येल?" विचारून गेल्या आणि जाताना ताक देऊन गेल्या. एका कंपनीचा सुपरवायझर आला, शिफ्ट उभी आहे म्हणाला, आवाज चढवला, मग चहा मागवला, मग पुन्हा आवाज चढवला. हे लोक परवडले. मोटरसायकल लांब उभी करून शांतपणे येणारा माणूस जास्त धोक्याचा. तो म्हणाला, "माझं साहेबांशी बोलणं झालंय. काम संपलं, चालू कर." इतक्या विश्वासाने म्हणाला की मी क्षणभर पुढच्या खांबाकडे बघितलं. काका वर बेल्टला टेकून नवीन इन्सुलेटरला बाइंडिंग करत होते. "किल्ली त्यांच्या खिशात आहे," मी वर बोट दाखवून म्हणालो. "जाऊन मागा." तो वर बघत राहिला आणि निघून गेला. कोण होता, कोणत्या साहेबांशी बोलला होता, आजपर्यंत कळलेलं नाही.

काम संपल्यावर माणसं मोजायची. खांबावरून उतरलेली, दोरी गुंडाळणारी, लघवीला गेलेला, सगळी. सामान मोजायचं. मग हुक, मग क्लॅम्प, मग स्विच, आणि शेवटी परमिट परत.

लाईनमनच्या रील्स बघून पोरं या लाईनला येतात. बिनहातमोज्याचा माणूस माकडासारखा सरसर चढतो, मागे गाणं. मला त्या बघवत नाहीत. चढण्याआधीचा हा अर्धा तास कोणी शूट करत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच घडत नाही.

पाऊस सुरू झाला आणि कामाची तऱ्हाच बदलली. उन्हाळाभर चिनीमातीचे इन्सुलेटर तापलेले असतात, त्यावर धूळ आणि मीठ बसलेलं. पहिली सर पडली की कुठे तडा जातो, कुठे ओल्या मिठावरून ठिणगी धावते आणि फीडर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. लोक म्हणतात, चार थेंब पडले की लाईट जाते. खरं आहे, पहिले चार थेंबच वाईट. नंतर धो धो पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो आणि ट्रिपिंग उलट कमी होतं.

घणसोली, कोपरखैरणेच्या सिडको वसाहतींत तारा जमिनीखाली आहेत. तिथे शत्रू जेसीबी. खोदताना केबलला ओरखडा पडतो, खोदणारा माती लोटून मोकळा होतो, आणि पावसात पाणी मुरलं की ती केबल उडते. लोकांना आरएमयूतून (रस्त्याकडेच्या स्विचच्या पेटीतून) दुसऱ्या बाजूने वीज फिरवून देता येते, पण फॉल्ट शोधावाच लागतो. त्यासाठी टेस्टिंगची व्हॅन येते. ती केबलमध्ये उच्च दाबाचे झटके सोडते. साधारण किती मीटरवर दोष आहे ते यंत्र सांगतं, नेमकी जागा कानाने शोधायची. रात्री रस्ता शांत असताना आम्ही फुटपाथवर वाकून वाकून चालत होतो. दर काही सेकंदांनी जमिनीतून धप्प. एका बंद गाळ्यासमोर ते धप्प पायाच्या तळव्यांना जाणवलं. व्हॅनवाल्याने खडूने फुली मारली, खोदलं, आणि हातभर अंतरात केबल सापडली. काळी पडलेली, बोटभर भोक.

मग जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारा. या धंद्यात मला सगळ्यात जास्त आदर जॉइंटरबद्दल वाटतो. खड्ड्यात पाणी, वरून पाऊस, आणि हा माणूस हात पुसून कोरडे करतो, पुन्हा पुसतो, मग केबलचा एकेक थर सोलायला घेतो. आतल्या पांढऱ्या इन्सुलेशनवर काळ्या थराचा कण राहिला किंवा पात्याची खोल चीर पडली किंवा घामाचा थेंब आत गेला, तर जॉइंट आज चालतो आणि पुढच्या महिन्यात फुटतो. नळ्या चढवून गॅसच्या ज्योतीने एकसारख्या आवळायच्या, मध्ये हवा राहता कामा नये. माझ्याकडे ताडपत्री धरणं आणि पाण्याचा पंप चालू ठेवणं. पहाटे मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघितलं, रीडिंग चांगलं आलं, तेव्हा जॉइंटरकाकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. बोलायला नाही, तंबाखू टाकायला.

चढायला मिळालं ते हिवाळ्यात. नवीन सिमेंटचा खांब, तार अजून कुठे जोडलेली नव्हती. शिडी, बेल्ट, खाली काका. पोटऱ्या थरथरल्या, वर गेल्यावर दोन्ही हात सोडून बेल्टवर भार टाकायचा होता, तेवढं जमायला वेळ लागला. नंतर सवय झाली. याबद्दल खरोखर एवढंच.

4 मार्चला लाईनमन दिन असतो. आम्हा शिकाऊ पोरांनाही गुलाबाचं फूल मिळालं. भाषणं चालू असताना एक फीडर ट्रिप झाला आणि सत्कारमूर्तीच उठून गेले.

वर्ष संपलं की शिकाऊ उमेदवारांची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा, मग प्रमाणपत्र. आस्थापनेने पुढे नोकरी द्यावी अशी सक्ती कायद्यात नाही, हे पोरांना शेवटच्या महिन्यात कळतं. सुरुवातीलाच धरून चाला. महावितरणमध्ये कायम व्हायचं तर विद्युत सहायकाची भरती निघावी लागते. डिसेंबर 2023 च्या जाहिरातीत 5,347 जागा होत्या, तीन वर्षं मानधन 15, 16 आणि 17 हजार, आणि निवडीसाठी ऑनलाइन परीक्षा. प्रश्न 130, गुण 150, पण त्यातल्या पन्नास तांत्रिक प्रश्नांनाच 110 गुण. म्हणजे गणितात कच्चा असलेल्यालाही आशा आहे. नाहीतर मुंब्रा-कळवा-शीळ आणि भिवंडीत टोरेंट ही खासगी वीज कंपनी आहे, आणि एमआयडीसीत कारखान्यांच्या एचटी (उच्च दाबाच्या) लाईनची कामं घेणारे ठेकेदार भरपूर.

मी सध्या अशाच एका ठेकेदाराकडे तुर्भ्याला आहे आणि संध्याकाळी ऐरोलीच्या अभ्यासिकेत बसतो. तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना मात्र लगेच काढून घेतला. रविवारी सोसायट्यांच्या मीटर केबिनची कामं मिळतात, अभ्यासिकेची फी त्यातून सुटते.