गाडीला थंडी वाजते तेव्हा

जुन्या इंजेक्शनवाल्या गाडीचा स्लो, म्हणजे पाय उचलल्यावरचा इंजिनाचा वेग, वाढला की आधी मालकाची अब्रू जाते. सात रस्त्याच्या सिग्नलला पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन घोंघावतं आणि शेजारचा रिक्षावाला ‘एवढी कसली घाई?’ अशा नजरेनं बघतो. 800-850 वर निवांत बसायचा तो आरपीएमचा काटा 1500 वर.

सल्ले फुकट मिळतात. ‘स्क्रू जरा मागं घ्या’ हा त्यातला सगळ्यात लाडका. तो कार्ब्युरेटरच्या काळातला. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, स्क्रू कारखान्यातूनच बसवून येतो. स्लो किती ठेवायचा ते इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, आयडल व्हॉल्व्हमधून कमीजास्त हवा सोडून. स्क्रू फिरवणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकणं.

आमचा मिस्त्री विजापूर रोडचा. घरी तेलुगू, पोऱ्याशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यानं आधी ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना ते पाहिलं. मग चालू इंजिनवर रबरी पाइपांच्या एकेका जोडावर क्लीनरचा फवारा मारत गेला. कुठं चीर असली तर इंजिन फवारा आत ओढतं आणि आवाज बदलतो. बदलला नाही. थ्रॉटल बॉडीतली काजळी पुसली, तरी काटा तिथंच. शेवटी थर्मोस्टॅटजवळच्या दोन वायरींच्या सेन्सरला मीटर लावून तो हसला.

‘सर, हिला थंडी वाजायलीय.’

सोलापुरात, मे महिन्यात, 42 अंशांत!

पण त्याचं बरोबर होतं. इंजिनातलं पाणी तापेल तसा या सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो: 20 अंशांना दोन-अडीच किलोओहम, 80 ला तीनशे ओहमच्या आसपास. इथं इंजिन रटरटतंय आणि मीटर दाखवतोय दोन किलोओहम. इसीएमच्या लेखी गाडी आत्ताच झोपेतून उठलेली. म्हणून तो बिचारा इमानदारीनं जादा हवा आणि जादा पेट्रोल सोडतोय. ॲव्हरेज का पडलं आणि सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास का येतो, तेही उलगडलं.

वायर तुटली असती तर चेक इंजिनचा दिवा लागला असता. पटण्याजोगं खोटं बोलणाऱ्या सेन्सरला मात्र कुणी हटकत नाही. आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा? तो अगदी बरोबर होता, कारण या गाडीत त्याचा सेन्सर वेगळा. एकाच पाण्याबद्दल दोन साक्षीदार. खरा माझ्यापुढं, खोटा इसीएमपुढं. ज्यानं कुणी ही मांडणी केली त्याला एकदा भेटायला आवडेल.

नवा सेन्सर बसला, कूलंट भरून हवा काढली आणि काटा 850 वर आला. मी हौसेनं एसी लावला, तर लगेच हजाराकडं सरकला. माझा चेहरा बघून मिस्त्री म्हणाला, ‘तेवढा वाढायलाच पायजे की ओ. त्यासाठी परत येऊ नका.’