आयत्या बिळावर

रत्नागिरी ते पावस, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपर्यंत, १८-२० किलोमीटर. पंढरपूरच्या वारकऱ्यांनी हसू नये, आमच्या आळीत यालाही वारीच म्हणतात. तीसेक माणसं, टाळ, एक मृदंग आणि मागून पाण्याचे कॅन घेऊन टेम्पो. मी यंदा डिसेंबरात पहिल्यांदा गेलो आणि खरं सांगायचं तर भक्तीबिक्ती काही नाही, डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून गेलो.

झालं असं की दिवाळीला घरी आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून दादाशी जुंपली. बाबा गेल्यापासून सगळं तोच बघतो, फवारणी, राखण, पेट्या भरणं, आणि मी मुंबईत बसून अर्धे पैसे मागतो असं त्याचं म्हणणं. बोलता बोलता म्हणाला, "तू म्हणजे आयत्या बिळावर नागोबा." सगळ्यांसमोर, वहिनी, पोरं, काका. तेव्हापासून दीड महिना रोज रात्री अंथरुणात पडून मी त्याला उत्तरं देत होतो, एकेक अशी जबरदस्त की समोर असता तर गारच झाला असता. झोप गेली म्हणून मोबाईलवर मेडिटेशनचं अ‍ॅप घेतलं. दहा श्वास मोजा, चुकलात तर परत एकपासून. माझा रेकॉर्ड चार.

पहाटे पाचला भाट्याच्या पुलावर होतो. खाडीवरून गार वारा, खाली होड्यांचे दिवे हलताहेत. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची परंपरा नाथपंथाची, साधना सोऽहम्‌ची. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हम्', करायचं काही नाही, नुसतं बघायचं. म्हटलं चला, पावलांबरोबर हेच करू. सुरूच्या बनापर्यंत बरं जमलं. पुढे नारळ संशोधन केंद्राचे माड दिसले, माडांवरून आमच्या परसातले माड, तिथून वाटणी, वाटणीवरून दादा. मन म्हणजे आपली एसटी आहे हो, कुठल्याही फाट्यावर कोणीही हात दाखवला की थांबते.

शेजारच्या माई माझ्या बाजूने चालत होत्या, वय सत्तरच्या पुढे, पायात साध्या स्लिपर.

"तोंड हलतंय रे तुझं मघापासून. नाम घेतोस?"

"हो, माई."

"मग मुठी कशाला वळल्यास?"

सांगून टाकलं सगळं. मला वाटलं आता भाऊ-भाऊ वगैरे ऐकवतील, पण नाही. माई रोज स्वामींची अभंग ज्ञानेश्वरी वाचतात. म्हणाल्या, "सहाव्या अध्यायात अर्जुनाचं तरी काय वेगळं होतं? मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही म्हणाला. तर देवाने काय सांगितलं? खरंच आहे बाबा म्हणाला. आधी कबूल केलंन, मग अभ्यास नि वैराग्य." हे मला फार आवडलं. अ‍ॅपमधली बाई आधी कबूल करत नाही, थेट रिलॅक्स करा म्हणते.

गोळपच्या अलीकडे ऊन चढलं, कातळाचा सडा तापला आणि डाव्या टाचेला फोड आला. आता तिथे बघण्यावाचून इलाजच नव्हता. नीट बघितलं तर नुसती ठसठस, गरम, येते-जाते. पण तिच्या मागोमाग 'माझा पाय', मग 'मलाच का', मग 'मी इथे मरतोय आणि तो दादा घरी मजेत'. एका फोडावर तीन मजले. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. पाऊल आपलं आपण उचललं जातंय, श्वास आपला आपण चाललाय, जुने लोक दिवसाचे २१,६०० श्वास मोजतात, त्यातला एकसुद्धा मी आणलेला नाही. सगळं होऊन गेल्यावर मागून कोणीतरी धावत येतो आणि म्हणतो मी चाललो, मी सोसलं, मी सहन केलं, आणि ऐटीत बसतो. वर दुसऱ्याच्या कष्टाचा हिशेबही मागतो.

आयत्या बिळावर नागोबा! भर रस्त्यात खो खो हसलो. माईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी टेम्पो थांबवून पाणी पाजलं.

तेवढ्याने काय लगेच साक्षात्कार झाला नाही. एका कलमाखालून जाताना मोहोराचा वास आला, एक क्षण खरोखर नुसता वास, आणि दुसऱ्या क्षणाला 'आमच्याकडे तुडतुडे पडले असतील का'.

माझा एक मित्र इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन आला, तो सांगतो 'मी' असा काही नाहीच. इकडे सोऽहम् म्हणजे तोच मी. मोठ्या लोकांचा हा वाद जुना आहे, मिटवायची माझी लायकी नाही, पण 'मला सगळ्यांसमोर बोलला' म्हणणारा माझ्यातला जो आहे तो दोघांच्याही हिशेबात बसत नाही एवढं कळलं. माईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "खिचडी थंड होत्येय, खा आधी."

खिचडीचा प्रसाद झाल्यावर अनंत निवास बघितलं. स्वामी १९०३ साली पावसलाच जन्मले, १९३४ च्या मोठ्या आजारपणानंतर देसायांच्या या घरात राहिले ते १९७४ साली समाधी घेईपर्यंत. ४० वर्षं, एक खोली. आणि आम्ही २० किलोमीटर तुडवून तिथे पोचल्याचे फोटो काढत होतो, मी पण काढले, फोडाचा सुद्धा काढला.

दादाला फोन वगैरे केला नाही, तसलं काही झालं नाही. परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. भाट्याच्या पुलापर्यंत त्याच्याशी दोनदा भांडून झालं. दुसऱ्या खेपेला मूठ वळलेली माझी मलाच दिसली, माई तर पुढच्या सीटवर घोरत होत्या.