मोरीचं पाणी मुरवताना

आमच्या न्हाणीचं पाणी समोरच्या मावशींच्या दारातून वाहायचं. त्यावरून दर पावसाळ्यात दोन घरांतलं बोलणं बंद व्हायचं, ते थेट गणपतीला सुरू. पाणी मात्र साचून हिरवं व्हायचं आणि दिवेलागणीला डासांचे थवे उठायचे. म्हशीसाठी गोठ्यात धूर करावा लागे.

हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी सांडपाणी मुरवणारे शोषखड्डे घेऊन डास हटवले, हे नांदेडकडं सगळ्यांनाच माहीत. रोजगार हमी योजनेतून आपलाही होईल म्हणाले, पण मजुरांचं मस्टर (हजेरीपत्रक) निघेपर्यंत आणखी एक पावसाळा गेला असता. घरच्याघरीच खणायचं ठरलं.

चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. चुलतदिरानं टेप लावून काटेकोर माप घेतलं. मधे भोकं पाडलेला सिमेंटचा रांजण, भोवती गोटे, मोरीचा पाईप रांजणात. चौथ्या दिवशी खड्डा काठोकाठ! काळी माती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. शेतकऱ्याच्या घरात हे का सांगावं लागतं? पण अंगणात खणताना शेत कुणाला आठवतंय. घमेल्या-घमेल्यानं सगळे गोटे परत बाहेर काढले. या खेपेला पाणी जिरवणारा भरड मुरूम लागेपर्यंत खणलं, तो साडेसहा फुटांवर लागला. खाली मोठे गोटे, वर विटांचे तुकडे, त्यावर गोणपाट आणि माती. शितं, केस, राख रांजणातच बसते, वरचं पाणी भोकांतून दगडांत झिरपतं. महिन्या-दीड महिन्यानं झाकण काढून गाळ उपसायचा. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही आणि खड्डा आडाजवळ घ्यायचा नाही.

बोळ कोरडी झाली, संध्याकाळचे डासही कमी झाले. मी गल्लीभर सांगत सुटले.

आणि श्रावणात धाकट्याला डेंग्यू झाला.

आशाताई आल्या. बोळीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, सरळ माजघरातल्या रांजणात बॅटरी मारली. "या बघा अळ्या, वळवळतायत." सांडपाण्यातला डास वेगळा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो, त्यामुळं रांजण कधी तळापर्यंत रिकामा होतच नव्हता. नुसता ओतूनही भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडीसुद्धा कित्येक महिने टिकतात, म्हणून काथ्यानं घासायचा.

धाकटा तालुक्याहून बरा होऊन आला. आता मंगळवार आमचा कोरडा दिवस, पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासायची. जनावरांच्या हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेत. म्हैस पाणी पिताना मासे गिळेल या काळजीनं मावशींचा नातू तिथं रोज पहारा देतो.

यंदा मावशींनीही खड्डा घेतला. दिरानं टेप काढली तर म्हणाल्या, "टेप ठेव खिशात. मुरूम दाखव."